मुदत टळलेल्या कामाची नोंद



तपासणीच्या आदल्या दिवशी नोंदवहीतील राहिलेल्या जागा भरण्याचा मोह आपणां सर्वांस परिचित आहे. आज अनेक कचेऱ्यांत आणि कारखान्यांत नियमपालनाच्या नोंदी संगणकावर ठेवल्या जातात. तेथेही हा मोह सुटलेला नाही. म्हणून त्या व्यवस्थेची रीत समजून घेऊ.

तीत प्रत्येक फेरतपासणीला चार गोष्टी जोडलेल्या असतात : काम कोणते, जबाबदार कोण, मुदत कोणती आणि ते किती काळाने पुन्हा करावयाचे. मुदत जवळ आली की स्मरणपत्र जाते. ती उलटली की काम 'मुदत टळलेले' म्हणून, बहुधा लाल अक्षरांत, दिसू लागते. पुढेही हालचाल न झाल्यास वरिष्ठांस सूचना देण्याची सोय असते. काम पुरे झाल्याची खूण केली की पुढील दिनांक आपोआप पडतो.

हा दिनांक दोन प्रकारे मोजता येतो. समजा, शाळेची पाण्याची टाकी दर ३ महिन्यांनी पाहावयाची आहे. मुदत १० जूनची होती. तपासणी झाली ३० जूनला. मूळ मुदतीपासून मोजल्यास पुढील पाळी १० सप्टेंबरला येते, प्रत्यक्ष दिवसापासून मोजल्यास ३० सप्टेंबरला. दुसऱ्या प्रकारात दर खेपेस २० दिवस उशीर झाला, तर चार पाळ्यांत ८० दिवस गळून जातात. नोंदीत मात्र प्रत्येक वेळी उशीर २० दिवसांचाच दिसतो. म्हणून प्रकार विचारपूर्वक ठरवावा लागतो.

लाल अक्षरे डोळ्यांस खुपतात. ती पुसण्यासाठी कोणी मुदत बदलली, तर चांगली व्यवस्था मूळ दिनांक, बदलणाऱ्याचे नाव आणि कारण जपून ठेवते. परंतु टाकीचे झाकण न उघडताच कोणी 'काम झाले' अशी खूण केली, तर ते यंत्रास कळत नाही. उलट, तगादा करणारी ती नोंद तीन महिने मुकी होते. आणि मुले तेच पाणी पीत राहतात.

यास्तव माझी एवढीच विनंती आहे : वही कागदाची असो वा संगणकाची, उशीर झाला तर तो उशीर म्हणूनच लिहावा, कारण नोंदवावे आणि मग टाकीपाशी जावे. उशिराची खरी नोंद ही आपली नामुष्की नव्हे; राहिलेले काम विसरू न देणारी ती सोबतीण आहे.