मुंबईतला नाताळ

नाताळची रोषणाई पाहायची असेल, तर मुंबईत एक संध्याकाळ पुरणार नाही.

सुरुवात दक्षिण मुंबईतून करावी. फोर्टमधलं सेंट थॉमस कॅथेड्रल 1718 साली नाताळच्याच दिवशी प्रार्थनेसाठी खुलं झालं. चर्चगेट स्थानक हे नाव याच चर्चमुळे पडलं. जुन्या कोटाचा एक दरवाजा या बाजूला होता, त्यालाच चर्च गेट म्हणत. चर्चगेटहून लोकल पकडून चर्नी रोडला उतरा आणि गिरगावातली खोताची वाडी गाठा. अरुंद गल्ल्या, लाकडी जिने, व्हरांडे आणि दारोदारी लटकणारे चांदणीचे कंदील. हा तारा बेथलेहेमच्या ताऱ्याची आठवण म्हणून लावतात.

मग वांद्रे. हिल रोडवर कंदील, झाडं आणि सजावटीच्या सामानाचा बाजार भरतो. जवळच 1575 सालचं सेंट अँड्र्यूज चर्च आहे. रणवार या जुन्या गावठाणात घराघरांत ख्रिस्तजन्माचे देखावे मांडतात. या देखाव्याची प्रथा संत फ्रान्सिस यांनी 1223 मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी रुजवली. इथल्या मूळच्या ईस्ट इंडियन या ख्रिस्ती समाजाची घरची बोली मराठीचीच, आणि फराळात करंजीसारखी नेवरीही असते.

गर्दी टाळायची तर 24 तारखेच्या आधीच जा, आणि लोकलनेच जा. मिस्साची वेळ प्रत्येक चर्चमध्ये वेगळी असते, ती आधी विचारा. प्रार्थना चालू असताना आत फोटो काढू नका आणि वाड्यांमध्ये फिरताना ही लोकांची राहती घरं आहेत, हे विसरू नका.