हातपंपाची खरेदी आणि तांत्रिक प्रकल्पांचे नियोजन

(पंचायत समिती सदस्य, विस्तार अधिकारी व शिक्षक यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



सार्वजनिक कामासाठी यंत्रसामग्री घेण्याचा विषय निघाला की चर्चा बहुधा निविदेच्या दरापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. वास्तविक, निविदा उघडण्याच्या कितीतरी आधी घेतलेल्या निर्णयांवर त्या खरेदीचे यश अवलंबून असते. यासाठी मी आपणा सर्वांच्या परिचयाचे उदाहरण घेतो. ते म्हणजे गावचा हापसा.

1966-67 मध्ये बिहारात आणि 1972 मध्ये आपल्या राज्यात पडलेल्या दुष्काळांमुळे कठीण खडकात विंधण विहिरी घेण्याच्या कामाला गती मिळाली. विहिरी झाल्या, पाणीही लागले. परंतु त्यांवर बसविलेले बिडाचे पंप म्हणजे परदेशांत एकेका शेतकरी कुटुंबासाठी योजलेल्या पंपांच्या नकला होत्या. येथे त्यांच्यावर पहाटेपासून सबंध वस्तीचा भार पडे. 1974 च्या सुमारास झालेल्या पाहणीत जवळजवळ तीन-चतुर्थांश पंप बंद आढळले. खोदाईवरचा खर्च जमिनीत पडून राहिला आणि डोक्यावर हंडे घेऊन चालणाऱ्या स्त्रियांची पायपीट तशीच राहिली.

या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात महाराष्ट्रातच झाली होती. जालना व सोलापूर येथे अधिक दणकट पंप तयार करण्यात आले होते. त्यांपैकी सोलापूर पंपाच्या धर्तीवर युनिसेफ, मद्रासची यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्था आणि रिचर्डसन अँड क्रुडास हा सरकारी कारखाना यांनी मिळून ‘इंडिया मार्क दोन’चा आराखडा सिद्ध केला. तो कागदावर मान्य करून थेट हजारोंची मागणी नोंदविली गेली नाही. आधी कोइमतूर परिसरात, पाणी खोल असलेल्या विहिरींवर नमुना पंप बसवून ते प्रत्यक्ष वापरात पारखण्यात आले. मोठे उत्पादन त्यानंतर सुरू झाले.

आराखडा कोणा एकाच्या मालकीचा न ठेवता सर्वांना खुला ठेवण्यात आला, हा निर्णय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 1979 मध्ये त्यासाठी भारतीय मानक निश्चित झाले. त्यामुळे अनेक कारखान्यांना पंप बनविता आला, एकाचा सुटा भाग दुसऱ्याच्या पंपास बसू लागला आणि स्पर्धेने दरही आटोक्यात राहिले. कारखान्याची कुवत आधी पाहण्यात येई, आणि माल रवाना होण्यापूर्वी स्वतंत्र तपासनीस त्याची तपासणी करीत. किमान दराच्या निविदेला आपण उठसूट दोष देतो. मापे, धातू व तपासणीची रीत काटेकोर ठरलेली असेल, तर किमान दर उपकारकच ठरतो. ती सैल असतील, तर सर्वांत निकृष्ट मालच स्वस्त म्हणून निवडला जातो. केंद्रीय वित्त मंत्रालयाच्या ऑक्टोबर 2021 च्या सूचनांनी काही खरेदींत गुणवत्तेला 30 टक्क्यांपर्यंत भारांक देण्याची मुभा दिली आहे. मात्र गुणवत्ता मोजणारा जाणकार समितीत नसेल, तर त्या भारांकाने काय साधणार?

मार्क दोनमध्येही एक उणीव होती. दट्ट्याचे वॉशर बदलायचे तर विहिरीतील नळांची सबंध रांग वर काढावी लागे. त्यासाठी अवजड साधने व तालुका-जिल्ह्याचे फिरते पथक लागे. एक छोटासा वॉशर झिजला की गाव त्या पथकाची वाट पाहत बसे. 1983 पासून कोइमतूर येथेच चाचण्या घेऊन ‘मार्क तीन’ तयार झाला. त्यात नळ रुंद केल्याने ते न उपसता दट्ट्या वर काढता येतो. रुंद नळांचा खर्च आरंभी अधिक येतो, पण दुरुस्ती गावाच्या आवाक्यात येते. दुरुस्ती कोण करणार हेही खरेदीच्या वेळीच ठरत असते, ते असे.

आज ग्रामपंचायतींपुढे सौरपंप, पाणी शुद्धीकरण संयंत्रे आणि संगणकीय प्रणाली यांचे प्रस्ताव येतात. तेथे वॉशरची जागा परवलीच्या शब्दाने घेतली आहे इतकेच. नोंदींची मालकी कोणाची, करार संपल्यावर त्या दुसऱ्या पुरवठादाराच्या प्रणालीत नेता येतील काय, सुटे भाग किती वर्षे मिळतील, बिघाडानंतर किती दिवसांत माणूस येईल, हे निविदेच्या मसुद्यातच लिहून घ्यावे. देयकाचा काही भाग यंत्र निदान एक उन्हाळा नीट चालल्यावरच देण्याची अट घालावी. आणि मसुदा कायम करण्यापूर्वी, ते यंत्र रोज हाताळणार असलेल्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याला किंवा शिक्षकाला तो वाचून दाखवावा. कारण त्यांना सुचणाऱ्या शंका कार्यालयात बसून सहसा सुचत नाहीत.