शेताची राखण आणि बंदूक
(देवळा येथे शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेत झालेले भाषण)



मका दुधावर आला म्हणजे या शिवारात रात्र कशी जाते हे आम्ही तुम्हांस सांगावे असे नाही. भावडबारीकडून, सातमाळ्याच्या उतारावरून डुकरांचा कळप अंधार पडताच खाली येतो. त्याने खाल्लेले पीक मोजता येईल, पण तुडवलेले मोजता येत नाही. सकाळी घरधनीण बांधावर उभी राहून आडवी झालेली ताटे पाहते, तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे डुक्कर नसते, सोसायटीचे कर्ज असते. मग गडी माणूस रागाच्या भरात म्हणतो, तार लावतो एकदाची.

त्या तारेसाठीच आज आम्ही येथे उभे आहोत. विजेच्या खांबावरचा प्रवाह सरळ कुंपणात सोडायचा आणि घरी जाऊन निजायचे, ही रीत गावोगाव शिरली आहे. तारेला डुक्कर आणि माणूस हा भेद कळत नाही. पहाटे पाणी भरायला निघालेला शेजारी, रानात शेळी शोधणारे पोर, पुष्कळदा तार लावणाराच विसरून तीवर पाय देतो. आमच्या ओळखीच्या एका मळ्यात असेच झाले. डुक्कर मेले नाही, भाऊ मेला, आणि उरलेला भाऊ सदोष मनुष्यवधाच्या आरोपाखाली तुरुंगात गेला. घरात दोन बाया व चार लेकरे राहिली. मका त्या वर्षी कोणी कापलाच नाही. गावठी बॉम्ब पिठाच्या गोळ्यात ठेवणारांचीही हीच कथा. डुकराच्या आधी गाईचा जबडा उडतो.

सौर कुंपणाची गोष्ट वेगळी आहे, ती या तारेबरोबर मोजू नका. त्यातला यंत्रडबा साधारण दर सेकंदास एकदा, क्षणाच्याही अंशापुरता झटका देतो. दाब हजारो व्होल्टचा असला तरी तो इतका अल्पकाळ टिकतो की जनावर हादरून मागे फिरते, मरत नाही. खांबावरची वीज सतत वाहते आणि धरलेला हात सोडत नाही. ज्याला परवडेल, ज्याला सरकारी योजनेतून मदत मिळेल, त्याने आधी सौर कुंपण करावे. बंदूक ही त्यानंतरची गोष्ट. पण तिच्याविषयी आपल्या घरांत इतके अज्ञान आहे की आज तीच उलगडून सांगतो.

बंदूक कुणब्याच्या हातून गेली कधी? सन १८७८ साली लॉर्ड लिटनच्या अमदानीत हत्यारांचा कायदा झाला. गोऱ्या लोकांस त्यातून सूट, शेतकऱ्यास मात्र परवान्याची अट. त्याच रानात साहेब आणि संस्थानिक हाकारे घालून शिकार करीत, आणि हाक्यास जाणारे आमचेच वाडवडील असत. जोतीराव फुल्यांनी सन १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला, त्यात रानडुकरांचा प्रश्न स्पष्ट मांडला आहे. त्यांचे म्हणणे सरळ हिशेबाचे होते: शेतकऱ्यास पीक राखण्यापुरती गावठी का होईना बंदूक ठेवू द्या. ती देत नसाल तर राखणीचे काम पोलीस खात्याकडे सोपवा, आणि पीक गेले तर त्या खात्याच्या पगारातून किंवा सरकारी खजिन्यातून ते भरून द्या. हत्यारही द्यायचे नाही आणि भरपाईही द्यायची नाही, ही दुहेरी नागवणूक त्यांना मान्य नव्हती.

स्वराज्य आल्यावर १९५९ साली नवा शस्त्र कायदा झाला. त्यातले १३ वे कलम आपल्या उपयोगाचे आहे, आणि आपल्यांतल्या शंभरांत दोघांनीही ते ऐकलेले नसेल. पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागितला तर तो द्यावा असे त्यात लिहिले आहे. ठासणीची बंदूक पुरणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर २० इंचांहून कमी नाही अशा नळीची दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. चौदावे कलम तर ध्यानात कोरून ठेवा. अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावर परवाना नाकारता येत नाही. दोन एकरवाल्यास ‘तुला कशाला बंदूक’ म्हणून कोणी कारकून वाटेला लावू लागला, तर त्याच्यापुढे हे कलम ठेवा. नकार दिला तर कारणे लेखी मागा. अपिलाचीही सोय आहे. अर्ज जिल्हाधिकाऱ्याकडे जातो, पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो, अर्जदाराचे वय २१ पुरे असावे लागते. हल्ली बंदूक सुरक्षितपणे हाताळण्याचे शिक्षणही घ्यावे लागते, आणि ते योग्यच आहे.

आता नीट ऐका, कारण इथेच पुष्कळ भले लोक फसतात. बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारण्याची परवानगी नव्हे. हे दोन वेगळे कागद आहेत, दोन वेगळ्या खात्यांचे. सन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली आहे. पिकाचे नुकसान करणारे जनावर मारण्यास ११ व्या कलमाखाली मुख्य वन्यजीव रक्षकाचा, किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याचा, लेखी हुकूम लागतो. तोही दुसऱ्या अनुसूचीतल्या जनावरापुरताच. रानडुक्कर त्या अनुसूचीत आहे. बिबट्या, काळवीट, मोर हे पहिल्या अनुसूचीत आहेत, पिकासाठी त्यांच्यावर बंदूक उचलता येत नाही. येवल्याकडे ममदापूरच्या माळावर काळवीट पिकांत शिरतात, तेथला शेतकरी आपल्याइतकाच गांजलेला आहे, पण त्याला भरपाईचाच रस्ता आहे. अंगावर आलेल्या जनावरापासून जीव वाचविताना ते मेले तर तो गुन्हा नाही. परंतु ही सवलत माणसाच्या जिवासाठी आहे, मक्यासाठी नाही. मारलेले डुक्कर वनखात्याच्या स्वाधीन करायचे असते. त्याचे वाटे घालणे हा दुसरा गुन्हा, आणि आपल्या गावांत पहिल्यापेक्षा हाच लवकर पकडला जातो, कारण ज्याला वाटा मिळत नाही तो बोलतो.

समजा दोन्ही कागद झाले. बंदूक कोणती घ्यावी?

नाशकास किंवा मालेगावास दुकानात गेल्यावर आपल्या पोरांचे डोळे रायफलीवर जातात. ३१५ ची रायफल दिसते देखणी. पण तिच्या नळीला आतून पीळ असतो, गोळी एकच आणि ती मैलाच्या पुढे मारा करते. आमच्या मुलखात प्रत्येक मळ्यात वस्ती आहे. अंधारात नेम चुकला तर ती गोळी कोणाच्या ओसरीत पडेल हे सोडणारास ठाऊक नसते. पीक राखणाऱ्यास रायफल नको. पिस्तूल, रिव्हॉल्व्हर तर शेतात निरुपयोगीच. ते कमरेला लावून लग्नात मिरवायचे साधन आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीपासून आनंदाच्या भरात बेफिकीरपणे बार काढणारासही दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आमचे मत बारा बोरच्या साध्या बंदुकीकडे आहे. बोर म्हणजे काय? एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यांतली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती नळी बारा बोरची. वीस गोळ्या केल्या तर गोळी लहान, म्हणून वीस बोरची नळी अरुंद. हे समजले म्हणजे एक मोठा अपघात टळतो. वीस बोरचे काडतूस चुकून बारा बोरच्या बंदुकीत घातले तर ते पुढे सरकून नळीत अडकते. बार झाला नाही असे वाटून माणूस मागून बारा बोरचे घालतो, आणि नळी हाताजवळ फुटते. दोन्ही जातींची काडतुसे एका खिशात कधीही ठेवू नका.

एकनळी घ्यावी की दुनळी? डुक्कर जखमी झाले की झाडीत शिरते आणि शोधायला गेलेल्याच्या मांड्या फाडते. दुसरा बार तयार असावा म्हणून दुनळी बरी. पैसा कमी असेल तर एकनळीही चालेल. ठासणीची बंदूक कायद्याने मिळण्यास सोपी व स्वस्त, परंतु तिच्यात बार एकच. पुन्हा ठासेपर्यंत डुक्कर शिवाराबाहेर जाते किंवा आपल्या अंगावर येते. शिवाय आधी ठासून ठेवलेला बार विसरून वर दुसरा ठासणे हा म्हाताऱ्या हातांचा नेहमीचा घोटाळा. गज नळीत घालून बाहेर किती उरतो ते पाहावे, म्हणजे आत बार आहे की नाही कळते. ठासणीत काळी दारूच घालावी. काडतुसातली बिनधुराची दारू काढून तीत घातली तर नळी उडालीच समजा. काळ्या दारूची काजळी ओल धरते, म्हणून बार काढल्यावर त्याच रात्री गरम पाण्याने नळी धुऊन, कोरडी करून तेलाचा बोळा फिरवावा.

काडतुसाचे क्रमांक पुष्कळांस उलटे वाटतात: आकडा मोठा तितका छर्रा बारीक. सहा नंबरच्या एका औंसात, म्हणजे सुमारे अडीच तोळ्यांत, २७० छर्रे येतात, चार नंबरच्या १७०. हे पाखरासाठीचे छर्रे. डुकरावर ते सोडणे म्हणजे त्याला जखमा करून शेजाऱ्याच्या वावरात पाठवणे. त्याच्या खांद्यावरचे कातडे चिवट असते. त्यास एल.जी. किंवा एस.जी. हवे. एल.जी.चे छर्रे औंसात सहाच, एस.जी.चे आठ. पुण्याजवळ खडकीस १८६९ पासूनचा दारूगोळ्याचा कारखाना आहे. तेथे ‘शक्तिमान’ छापाची बारा बोरची काडतुसे निघतात व त्यांवर हे क्रमांक छापलेले असतात. लांबीही पाहा. जुन्या बंदुकीचा कोठा ६५ मिलीमीटरचा असेल तर ७० चे काडतूस त्यात बसते खरे, पण सुटताना त्याचे तोंड पुरते उघडत नाही आणि दाब भलता वाढतो.

छर्रे जसजसे पुढे जातात तसतसे पांगतात. साध्या तोंडाच्या नळीतून ४० यार्डांवर, म्हणजे ८० हातांवर, ३० इंची वर्तुळात सुमारे ४० टक्केच छर्रे पडतात. तोंड आवळलेल्या म्हणजे चोक नळीतून ७० च्या आसपास. आता हिशेब करा, सहा छऱ्यांतले दोन-तीन लागणार, तेही कोठे लागतील कोण जाणे. म्हणून पन्नास-साठ हातांच्या आत आल्याशिवाय घोडा ओढू नये. आणि चुकलेला एल.जी.चा छर्रा तेथेच पडत नाही, पाचसहाशे यार्ड जाऊ शकतो.

यावर उपाय आपल्या आजोबांनीच करून ठेवला आहे: माळा. गोफण घेऊन बसायचा तोच उंच माळा. वरून बार काढला की चुकलेले छर्रे मातीत जातात, वस्तीवर जात नाहीत. डुकराची नजर अधू, नाक तिखट. म्हणून वारा कळपाकडून आपल्याकडे येईल असा माळा बांधावा, आणि बिडी ओढू नये. नुसती हालचाल, नुसते दोन डोळे चमकले म्हणून बार काढू नये. बॅटरीच्या उजेडात पुरते जनावर दिसले पाहिजे, कारण शेजारचा गडीही आपल्यासारखाच जागत असतो.

घरात बंदूक एका कुलपात, काडतुसे दुसऱ्या कुलपात. कांद्याच्या चाळीत, गोणीखाली, उशाशी नको. बायांनाही ती रिकामी आहे की भरलेली हे ओळखता आले पाहिजे. घरातल्या पोरांवर लक्ष त्यांचेच असते.

लोहार बंधूंस एक विनंती. तुमचा हात कसबी आहे, पण ओळखीखातर कोणाच्या बंदुकीचा घोडा बसवून देऊ नका. दुरुस्तीसही वेगळा परवाना लागतो. गावठी कट्टा करणाऱ्याची तर बातच सोडा. बिनपरवाना बंदूक नुसती जवळ सापडली तरी किमान दोन वर्षे कैद आहे. करवून घेणारा बडा असामी सुटतो आणि भात्यापुढचा आत जातो, हे आपण पाहत आलो आहोत.

प्रत्येक घरात बंदूक व्हावी असे आमचे म्हणणे नाही. गावात शांत डोक्याच्या, दारू न पिणाऱ्या तीनचार परवानेदारांनी आळीपाळीने शिवार राखले तर पुरे. वनखात्याचा हुकूम मात्र वेळेवर मिळाला पाहिजे, मका उभा असताना. केरळात सरकारने २०२२ साली हा हुकूम देण्याचा अधिकार ग्रामपंचायतीच्या अध्यक्षाकडे दिला. मारायचे ते परवान्याच्या बंदुकीनेच, विष, वीज, स्फोटक वर्ज्य. कर्नाटकातील कोडगू मुलखात कोडवा लोकांस व जम्मा जमिनीच्या धारकांस इंग्रजी अमलापासून परवान्याची माफी आहे, ती २०१९ साली आणखी दहा वर्षे वाढवली. तेथे आकाश कोसळले नाही. मग आमच्या ग्रामपंचायतीवर भरवसा का नसावा? आणि हुकूम द्यायचा नसेल तर जोतीरावांचा हिशेब उभा आहेच, पिकाची पुरती किंमत मोजा. नुकसान झाले की दुसऱ्याच दिवशी वनखात्याकडे अर्ज द्या, पंचनामा होईपर्यंत पडलेली ताटे उचलू नका.

दोन्ही अर्जांचे नमुने आम्ही बरोबर आणले आहेत. ज्यांना लिहून हवे असतील त्यांनी सातबाऱ्याचा उतारा घेऊन पुढे बसावे. ज्यांच्या शेतात आज तार लावलेली आहे त्यांनी आधी घरी जाऊन ती काढावी, मग यावे. आम्ही रात्री दहापर्यंत येथेच आहोत.