गुणिले ८८ : कोलंबसमध्ये महिन्याचा पगार जातो कुठं?

आजचा भाग मी कोलंबसमधल्या माझ्या खोलीत बसून रेकॉर्ड करतोय. इथं रात्रीचे साडेदहा झालेत, बदनापुरात सकाळचे आठ. मागं फ्रीजचा आवाज येईल, तेवढं सांभाळून घ्या.

मागच्या रविवारी काकांचा फोन आला. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. माझ्या चुलत भावाला अमेरिकेत एमएसला ॲडमिशन मिळालीय, जानेवारीची. बँक शेती तारण धरायला तयार नाही, म्हणून राहतं घर तारण ठेवायचं ठरतंय. सह्या दिवाळीनंतर. काका म्हणाले, "लेकरा, तुझ्याकडं बघून आम्ही हिंमत केली. खरं सांग, सगळा खर्च जाऊन मागं किती राहतात?"

आणि मी काय म्हणालो? "बरं चाललंय काका, टेन्शन घेऊ नका." मग विषय मोसंबीच्या भावावर नेला.

फोन ठेवल्यावर माझी मलाच लाज वाटली. मी कोड लिहून पोट भरतो. दिवसभर आकडे तपासतो आणि घरच्यांनी एक आकडा विचारला तर तोंड फिरवतो. म्हणून आज माझा महिन्याचा पूर्ण हिशोब तुमच्यासमोर मांडतो. हा एकट्या माणसाचा, एका शहरातला हिशोब आहे. तुमचा वेगळा येईल, पण मांडायची पद्धत कामाला येईल.

आधी शहर सांगतो. कोलंबस ही ओहायो राज्याची राजधानी. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या नऊ लाखांच्या वर, म्हणजे आपल्या संभाजीनगरपेक्षाही थोडी कमीच. न्यूयॉर्क किंवा सॅन फ्रान्सिस्कोच्या मानानं इथं स्वस्ताई आहे. त्यामुळं मी सांगतोय तो महागड्या शहराचा हिशोब नाही, हे लक्षात ठेवा.

माझा पगार वर्षाला ८४ हजार डॉलर, महिन्याला ७,०००. आता गावाकडं काय होतं? कुणीतरी मोबाइल काढतं, गुणिले ८८ करतं आणि म्हणतं, "सहा लाख सोळा हजार! महिन्याला!" पारावर एवढंच पोहोचतं. पुढचं सांगायला आपणही जात नाही, कारण ऐकायला छान वाटतं ना.

तर पुढचं ऐका. ७,००० मधून केंद्राचा आयकर साधारण ७०० जातो. राज्याचा १४०. शहराचाही वेगळा आयकर आहे बरं का, अडीच टक्के, म्हणजे १७५ डॉलर. मग सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर मिळून ७.६५ टक्के, साधारण ५२५. यातला सोशल सिक्युरिटीचा पैसा म्हातारपणीच्या पेन्शनसाठी कापतात, पण हक्क लागायला साधारण दहा वर्षं काम भरावं लागतं. भारत आणि अमेरिका यांच्यात याबाबत करार नाही, त्यामुळं आधी परत गेलो तर ते पैसे सोडून द्यायचे. शिवाय आरोग्य विम्याचे १५० आणि निवृत्तीच्या खात्यात मी टाकतो ते ४२०. हातात येतात ४,९०० च्या आत-बाहेर.

आता खर्च. एका बेडरूमचं भाडं १,२५०. वीज, गॅस, पाणी १४०. इंटरनेट आणि मोबाइल मिळून ९५. गाडी ही चैन नाही, ऑफिस गावाबाहेर आहे आणि बस तिथवर धड जात नाही. जुन्या गाडीचा हप्ता ३३०, तिचा विमा १५०, पेट्रोल १२०. किराणा आणि भाजी ३५०. बाहेर खाणं १५०. कपडे, औषधं, कटिंग, बारीकसारीक धरून २००. बेरीज २,७८५. उरले साधारण २,१००.

यातून शैक्षणिक कर्जाचा हप्ता जातो. २०२१ ते २३ या दोन वर्षांत मी टप्प्याटप्प्यानं ३२ लाख उचलले. व्याज ११ टक्के. शिकत असताना हप्ता नव्हता, पण व्याज थांबलेलं नव्हतं. हप्ता सुरू होईपर्यंत आकडा ४० लाखांच्या घरात गेला. दहा वर्षांच्या मुदतीनं महिन्याला ५५ हजार रुपये, म्हणजे ६२५ डॉलर. घरी पाठवतो ५००. वर्षातून एकदा यायचं म्हणून तिकिटासाठी बाजूला टाकतो १२०.

शेवटी उरतात साडेआठशे डॉलर. पंचाहत्तर हजार रुपये.

हे वाईट आहे का? अजिबात नाही. बदनापुरात महिन्याला पंचाहत्तर हजार शिल्लक टाकणारी घरं किती आहेत, मला ठाऊक आहे. पण सहा लाख सोळा हजार कुठं आणि पंचाहत्तर हजार कुठं!

आता गंमत बघा. सगळंच महाग आहे असंही नाही. दूध सव्वातीन डॉलरला गॅलन, गॅलन म्हणजे पावणेचार लिटर. लिटरला ७५ रुपये पडले. पेट्रोल ७० रुपये लिटर, आपल्याकडं ते शंभराच्या वर आहे. मग महाग काय? जिथं माणसाचा हात लागतो ते. कटिंगला टीप धरून २५ डॉलर, म्हणजे २,२०० रुपये. गावात ८० रुपयांत गप्पांसकट होते. नळ गळाला, गाडी बिघडली, डबा लावायचा म्हटलं, की पाकीट रिकामं.

आणि डॉक्टर. गेल्या हिवाळ्यात कांदा चिरताना बोट कापलं. रात्री इमर्जन्सीत गेलो, चार टाके पडले. विमा असूनही माझ्या वाट्याला १,४०० डॉलर आले, कारण वर्षातला सुरुवातीचा ठरावीक खर्च आपणच भरायचा, विमा कंपनी नंतर येते. चार टाक्यांचे सव्वा लाख रुपये. घरी सांगितलंच नाही. आई आज ऐकत असेल, तर आई, बोट बरं आहे.

एक आपल्या गावचंच उदाहरण देतो. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रानं तुरीची वाणं काढली, बीडीएन-७११ सारखी. त्यातलं बीडीएन म्हणजे आपलं बदनापूर. २०२५-२६ च्या हंगामासाठी तुरीचा हमीभाव होता क्विंटलला ८,००० रुपये, किलोला ८०. इथं इंडियन ग्रोसरीत तूरडाळीची चार पौंडांची पिशवी नऊ डॉलरला मिळते. किलोला ४३५ रुपये झाले. डाळ करायचा खर्च, जहाज, दुकानाचं भाडं हे सगळं त्यात आलं, मान्य. पण वरण लावताना दर वेळी तो आकडा डोक्यात येतोच.

म्हणूनच अर्थशास्त्रात दोन दर धरतात. एक बाजारातला, २०२५ च्या ऑक्टोबरात ८८ च्या आसपास असलेला. दुसरा खरेदीच्या ताकदीचा: अमेरिकेत एका डॉलरला जेवढं येतं, तेवढं भारतात किती रुपयांना येईल? जागतिक बँकेच्या आकड्यांप्रमाणं हा दर २० रुपयांच्या आसपास येतो. त्या मापानं माझे ७,००० डॉलर म्हणजे भारतातले एक लाख चाळीस हजार. पुण्यात चार-पाच वर्षं अनुभव असलेल्या चांगल्या इंजिनिअरला एवढा पगार मिळू शकतो. मंडळी, ८८ नं गुणायचं ते फक्त शेवटी उरलेल्या पैशाला. जो पैसा इथंच खर्च होणार, त्याला ८८ नं गुणून काही उपयोग नाही.

आणि हा सगळा हिशोब नोकरी आहे तोवरचा. शिकताना सत्रात आठवड्याला २० तासच काम करता येतं, तेही कॅम्पसवर. मला महिन्याला ११०० डॉलर मिळायचे, तिघांत एक घर होतं, फी कर्जातून जायची. पदवीनंतर नोकरीसाठी एक वर्ष, आमच्यासारख्या शाखांना आणखी दोन. मग एच-वन-बीची लॉटरी. तो लागल्यावरही नोकरी गेली तर नवी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस. सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरच्या माणसांसाठीच्या नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. नियम एका रात्रीत बदलतात, बँकेचा हप्ता बदलत नाही. तो रुपयांत आहे आणि घर बदनापुरात आहे.

काल मी काकांना परत फोन लावला आणि हे सगळं, आकड्यांसकट, सांगितलं. बोटाचंही सांगितलं. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हे आधी का नाही बोललास?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. भावानं फोन घेतला. "दादा, तू गेलास आणि मला अडवतोस?" त्याचं चुकलं नाही. त्याच्या जागी मीही हेच म्हणालो असतो.

मी त्याला म्हणालो, अडवत नाही. फक्त सहीआधी तीन आकडे कागदावर लिही. व्याज धरून हप्ता सुरू होईल तेव्हा कर्ज किती असेल? नोकरी सहा महिने उशिरा लागली तर तोवरचा खर्च कोण देईल? आणि परत यावं लागलं, तर इथल्या पगारावर तो हप्ता भरता येईल का? तिसऱ्याचं उत्तर "नाही" आलं, तर स्वस्त विद्यापीठ बघ, स्कॉलरशिप बघ, नाहीतर दोन वर्षं पुण्यात काम करून थोडे पैसे साठव आणि मग जा. मी दोन वर्षं पुण्यात होतो, त्यातलं साठवलेलं इथं पहिल्या सत्राला कामाला आलं.

तो अजून रागात आहे. पण रात्री त्याचा मेसेज आला: "दादा, व्याजाचा तक्ता कसा करायचा? शीट पाठव." पाठवलीय. निर्णय त्यांचा आहे, दिवाळीनंतर कळेल.

तुमच्यापैकी कुणी बाहेर राहत असाल, तर एक विनंती. घरी पैसे पाठवता, फोटो पाठवता, तसा एकदा हिशोबही पाठवा. आणि कुणी जायच्या तयारीत असाल, तर आपले तीन आकडे काढून मला व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात त्यावरच बोलू. तोवर काळजी घ्या. दिवाळीच्या शुभेच्छा!