पाण्यात उभा ऊस तहानलेला का?



कोल्हापूरचा वक्ता म्हटल्यावर तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा विषय निघणार, असं तुम्हाला वाटलं असेल. आज मात्र शिरोळ तालुक्यातल्या उसाच्या मुळाशी जाऊ.

कृष्णा-पंचगंगेच्या काठची ही काळी, भारी जमीन. नदीचं पाणी उचलून आणलं, बारमाही ऊस आला, मोकाट पाणी द्यायची सवय लागली. निचरा नसल्याने भूजल वर चढलं. उन्हाने पाणी उडून गेलं, क्षार तेवढे मागे उरले. हजारो एकर रान अशाने क्षारपड झालं. माती ओली, तिच्यावर पांढरा थर, ऊस खुरटलेला, पानांची टोकं करपलेली. शेतकऱ्याला वाटतं पाणी कमी पडलं. तो आणखी पाणी सोडतो.

खरी गोम पेशीच्या पडद्यात आहे. स्निग्ध रेणूंच्या दुहेरी थराचा हा पडदा जेमतेम सात-आठ नॅनोमीटर जाडीचा. त्यातून पाणी झपाट्याने जायला प्रथिनांचे खास मार्ग असतात. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पीटर ॲग्रे यांना ते प्रथम तांबड्या रक्तपेशींत सापडले. 2003 साली त्यांना त्याबद्दल रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. उसाच्या मुळांतही असे मार्ग आहेत. पण पाणी कुठल्या दिशेला जायचं, हे दोन्हीकडच्या विरघळलेल्या पदार्थांवर ठरतं. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं, ते याच नियमाने. एरवी मुळातला रस मातीतल्या पाण्यापेक्षा दाट असतो, म्हणून पाणी आत येतं. बाहेरचं पाणी खारट झालं की ही ओढ मंदावते.

दुसरा त्रास सोडियमचा. पडदा त्याला सहजी आत घेत नाही, तरी पोटॅशियमच्या वाटांनी थोडा घुसतोच. तो परत बाहेर काढायला पेशीला ऊर्जा खर्चावी लागते, म्हणजे पानांनी केलेली साखरच जाळावी लागते. त्यात रान पाणथळ. वाफसा नाही, मुळांना हवा नाही. श्वसन अडलं की ही उपसाउपशीही थंडावते. म्हणजे जादा पाण्याने ऊस दोन्हीकडून कोंडीत सापडतो.

यावर उपाय भूमिगत निचऱ्याचा. मीटरभर खोल सच्छिद्र पाईप टाकायचे. वरच्या पाण्याबरोबर क्षार खाली धुऊन पाईपवाटे बाहेर जातात. पण पाईप एकाच्या बांधापाशी थांबून भागत नाही, शेजाऱ्याच्या रानातून ओढ्यापर्यंत न्यावा लागतो. म्हणून हे काम सगळ्यांनी मिळूनच करावं लागतं. शिरोळच्या दत्त साखर कारखान्याने शेतकऱ्यांना एकत्र आणून अशा योजना राबवल्या. पडीक रानांत पुन्हा ऊस उभा राहिला.

तुमच्यापैकी अनेकांची गावी शेती असेल. फोनवर भावाला ‘पाणी दिलंस का?’ असं विचारताच. यापुढे ‘माती तपासलीस का, आणि दिलेलं पाणी बाहेर कुठून निघतं?’ हेही विचारा.