शंका आली तर आत

मुलांच्या टेनिस शिबिरात पूर्वी मी पहिल्याच दिवशी बारा नियमांचा तक्ता लावत असे. तो कुणी वाचत नसे. मग एकदा पेणजवळच्या गागोदे बुद्रुकला जाणं झालं. विनोबा १८९५ साली जन्मले ते हे गाव. त्यांच्या आईचा दंडक होता : तुळशीला पाणी घातल्याशिवाय जेवण नाही. घरचा फणस फोडला, की गरे आधी शेजाऱ्यांकडे. कोकणातल्या पोराची यापेक्षा अवघड परीक्षा कोणती?

परतल्यावर तक्ता काढला. आता एकच सांगतो. पंच नसलेल्या सामन्यात आपल्या बाजूला पडलेला बॉल आत की बाहेर, हे आपणच सांगायचं. शंका आली तर आत. टेनिसचा नियमच आहे तो.

गेल्या मे महिन्यात एका मुलानं समोरच्याच्या मॅचपॉइंटला "नीट दिसलं नाही" म्हणून बॉल आत दिला आणि सामना हरला. वडील तावातावानं म्हणाले, "सर, पोराला भोळसट करताय तुम्ही." मला चटकन उत्तर सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी लवकरच कोर्टवर जाऊन थांबलो. मुलगा आला. वडील स्कूटरवरून न उतरताच परत गेले.