उपसर्गातला न् कुणाचा?

फ्रेंच शिकवणाऱ्या, शिकणाऱ्या, तिच्यातून मराठीत भाषांतर करणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

अध्यक्षीय भाषणात भाषेच्या भवितव्यावर बोलायची पद्धत आहे. मी मात्र आज वर्गातल्या एकाच गोष्टीवर बोलणार आहे. लांब फ्रेंच शब्द तोंडाने कुठे तोडायचा?

बऱ्याच वर्षांपूर्वी अकरावीच्या वर्गात मी फळ्यावर 'अमान्य' या अर्थाचा फ्रेंच शब्द लिहिला. 'इन' हा नकाराचा उपसर्ग वेगळा दिसावा म्हणून त्याच्यापुढे लाल खडूने उभी रेघ मारली. एका मुलीने वाचले: 'ॲं', मग थांबली, मग 'आक्सेप्ताब्ल'. तिने रेघेपाशी शब्द तोडला होता आणि आदल्या आठवड्यात शिकवलेला उच्चार बिनचूक लावला होता. चूक तिची नव्हती, माझ्या रेघेची होती. फ्रेंच माणूस हा शब्द इ-नाक्-सेप्-ताब्ल असा म्हणतो. उपसर्गातला न् उपसर्गाकडे राहतच नाही, तो पुढच्या स्वराचा होतो. आणि न् निघून गेला की मागचा स्वर नाकातून येण्याचे कारणच उरत नाही, म्हणून तिथे 'ॲं' नाही, स्वच्छ 'इ' आहे.

नियम तसा छोटा आहे. 'इन'च्या पुढे व्यंजन आले तर ॲं: ॲं-पो-सीब्ल (अशक्य), ॲं-क्र्वा-याब्ल (अविश्वसनीय). पुढे स्वर आला, किंवा न उच्चारला जाणारा एच आला, तर इ-न: इ-न्यू-तील (निरुपयोगी), इ-ना-बी-ते (जिथे कुणी राहत नाही असे). अर्थ एका जागी तुटतो, उच्चार दुसऱ्या जागी. आपण वर्गात अर्थाची जागा दाखवतो आणि उच्चार आपोआप येईल असे धरून चालतो. तो येत नाही.

खरी कसोटी लागते ती दोन 'इन' शेजारीशेजारी आल्यावर. 'दुर्बोध' या अर्थाचा फ्रेंच शब्द पाहा: इ-नॅं-ते-ली-झीब्ल. कागदावर तेच दोन वर्ण पाठोपाठ दोनदा आलेत. पहिल्या जोडीचा न् पुढे सरकला आणि तिचा स्वर मोकळा झाला. दुसऱ्या जोडीपुढे त् आहे, म्हणून ती नाकातच राहिली. 'अखंड' या अर्थाचा शब्द तसाच: इ-नॅं-ते-रों-प्यू. 'कल्पनेपलीकडचा' मात्र इ-नी-मा-झी-नाब्ल, त्यात अनुनासिक स्वर एकही नाही. हे तीन शब्द ज्या विद्यार्थ्याला न अडखळता म्हणता आले, त्याला फ्रेंच अक्षराची घडण कळली असे मी समजते.

आता आपल्या घरात या. 'सम्' हा उपसर्ग घ्या. सम् आणि ताप मिळून संताप होतो, पण सम् आणि आचार मिळून समाचार होतो. पुढे व्यंजन आले की अनुस्वार, स्वर आला की म् उठून त्या स्वराला जाऊन मिळतो. समाचार हा शब्द 'सं-आचार' असा तोडून वाचणारा मराठी मुलगा मला आजवर भेटलेला नाही. निर् आणि आशा मिळून नि-रा-शा. नकाराचेही तेच: अशक्य, पण अनुत्तीर्ण, अयोग्य, पण अनादर. व्यंजनापूर्वी नकाराचा न् लोपतो आणि स्वरापूर्वी तो पुन्हा उभा राहतो, ही व्यवस्था पाणिनीने सूत्रात बांधून ठेवली आहे. हे साम्य वरवरचेही नाही. लॅटिनमधून फ्रेंचमध्ये आलेला 'इन' आणि संस्कृतातला 'अ-अन्' हे एकाच प्राचीन मुळाचे दोन फुटवे आहेत. इतकी जवळची वाट घरातून जात असताना आपण आपल्या मुलांना इंग्रजीच्या वळणाने फ्रेंचकडे नेतो. इंग्रजीत तो न् उपसर्गाला चिकटलेला ऐकू येतो, आघाताची जागा शब्दागणिक बदलते, आणि त्याच सवयी आमची मुले फ्रेंचमध्ये घेऊन येतात.

एक सावधगिरी मात्र हवी. आपला अनुस्वार पुढच्या व्यंजनाच्या वर्गाचा होतो. 'अंबर' म्हणताना ओठ मिटतात. फ्रेंच ॲं-पो-सीब्ल म्हणताना प् येईपर्यंत ओठ मिटायचे नाहीत, म् कानावर पडता कामा नये. यासाठी 'संवाद'मधल्या अनुस्वाराची आठवण करून द्यावी. गोव्याच्या विद्यार्थ्यांना तर कोकणीतले 'हांव' पुरते, नाकातला स्वर त्यांच्या तोंडी आधीपासूनच असतो.

अपवाद आहेत, आणि त्यांचीही कारणे आहेत. 'अचल' या अर्थाचा शब्द इ-मो-बील, पण 'खाण्यालायक नसलेले' या अर्थाचा ॲं-मां-झाब्ल. लिहिताना दोन्हीकडे उपसर्ग सारखाच, पुढे म् सारखाच. फरक इतकाच की पहिला शब्द लॅटिनमधून तयार होऊन आला आणि दुसरा फ्रेंच लोकांनी आपल्या रोजच्या 'मांझे' या क्रियापदाला उपसर्ग लावून घडवला. 'आं' हा उपसर्ग तर आणखी वेगळा. 'मद चढवणे' हे क्रियापद आं-नी-व्रे असे उच्चारतात. इथे न् पुढे गेला तरी मागचा स्वर नाकातच राहिला. कधीकाळी हे दुहेरीपण फ्रेंचमध्ये आजच्यापेक्षा पुष्कळ अधिक होते. मोलियेरच्या 1672 सालच्या 'ले फाम सावांत' या नाटकात मार्तीन ही मोलकरीण 'व्याकरण' ऐकून 'आजी' समजते. त्या काळी दोन्ही शब्दांचा उच्चार 'ग्रां-मेर' असा होई. आज व्याकरणाचे 'ग्रा-मेर' झाले आहे.

बाकी उपसर्गांचे फार सांगत नाही. 'देस'चा स् स्वरापूर्वी घोष होऊन पुढे जातो: दे-झा-ग्रे-आब्ल. 'ट्रान्स'चेही तसेच: त्रां-झात्-लां-तीक. 'स्यूर'चा र् सुटतो: स्यू-र्यू-मॅं, अतिमानवी. पुढच्या स्वराला आपले व्यंजन मिळाले पाहिजे, हा हिशेब सगळीकडे एकच.

मुक्या 'ए'बद्दल मात्र बोलायला हवे. 25 वर्णांचा तो प्रसिद्ध शब्द, 'घटनाविरोधी रीतीने' या अर्थाचा, आपण सगळे पहिल्या वर्षी कौतुकाने पाठ करतो. लेखनाप्रमाणे त्याची नऊ अक्षरे पडतात, बोलण्यात आठच: आं-ति-कोंस्-ति-त्यू-स्यो-नेल्-मां. एक 'ए' गळाला. 'विकास'चा फ्रेंच शब्द पाच अक्षरी दिसतो, ऐकू येतो देव्-लोप्-मां. पण 'सरकार'च्या गू-वेर्-न-मां मधला 'ए' टिकतो, कारण तो गळाला तर र्, न्, म् अशी तीन व्यंजने एकमेकांवर आदळतील. मोरीस ग्रामोंने मांडलेला तीन व्यंजनांचा नियम तो हाच. आपणही 'बोलताना' चार अक्षरी लिहितो आणि 'बोल्-ता-ना' म्हणतो. अभंगाची 6-6-6-4 अक्षरे मोजताना मात्र हा न उच्चारलेला 'अ' आपण मोजणीत धरतो. फ्रेंच कवीही बारा अक्षरांचा चरण मोजताना व्यंजनापूर्वीचा मुका 'ए' धरतोच. ज्याने कीर्तनात टाळ धरला आहे, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

त्या मुलीकडे परत जाते. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावरची रेघ पुसली आणि शब्द शेवटाकडून म्हणून घेतला. आधी 'ताब्ल', मग 'सेप्-ताब्ल', मग 'नाक्-सेप्-ताब्ल', आणि शेवटी 'इ' जोडला. फ्रेंचमध्ये जोर शेवटच्या अक्षरावर असतो, म्हणून शेवटाकडून चढत गेले की जोर आपोआप जागेवर बसतो आणि न् कुणाचा हा प्रश्न पडतच नाही. चौथ्या वेळी तिने शब्द एका श्वासात म्हटला. त्यानंतर मी विचारले, आता यात उपसर्ग कोणता? तिने तो लगेच ओळखला.

माझी आपल्याला एवढीच विनंती आहे. जूनमध्ये नवी मुले येतील. पहिला लांब शब्द शिकवाल तेव्हा आधी फळ्यावर 'समाचार' आणि 'अनुत्तीर्ण' लिहा, मुलांकडून ते टाळीवर म्हणून घ्या, आणि उपसर्गापुढची रेघ उच्चार बसल्यावरच मारा.